दीर्घिकांचा मत्स्यन्याय : एका स्पष्टीकरणाची तपासणी

आपल्या आकाशगंगेभोवती अनेक लहान दीर्घिका फिरत आहेत, ही माहिती आता सामान्य वाचनातही सर्रास आढळते. त्यांचे पुढे काय होते, याचे उत्तरही जवळजवळ ठरून गेलेले असते : मोठी दीर्घिका त्यांना गिळते. मोठा मासा लहान माशाला खातो, तसेच विश्वातही चालते, असे सांगून विषय संपवला जातो. वर्गात हे चित्र चटकन पटते. विद्यार्थ्यांना ते आवडतेही.

हे चित्र खोटे आहे, असे आम्हांस म्हणावयाचे नाही. आमचा आक्षेप वेगळा आहे. ते एका प्रकारच्या घटनेचे चित्र आहे आणि ते सर्व घटनांचा नियम म्हणून सांगितले जाते. त्यामुळे या संशोधनातून शिकण्यासारखे जे सर्वांत मोलाचे आहे, ते वाचकापर्यंत पोहोचतच नाही. एखादे स्पष्टीकरण केव्हा स्वीकारावे आणि केव्हा त्याला नुसती सबब म्हणावे, हा तो धडा होय. म्हणून या रूढ स्पष्टीकरणाची थोडी तपासणी करू.

चित्र कोठून आले?

१९९४ साली रॉड्रिगो इबाता, जेरार्ड गिलमोर आणि माइक अर्विन या तिघांनी धनू राशीच्या दिशेला एक बटू दीर्घिका शोधली. ती आकाशगंगेच्या केंद्राच्या पलीकडच्या बाजूला, सूर्यापासून सुमारे ८० हजार प्रकाशवर्षांवर आहे. इतकी जवळची दीर्घिका तोपर्यंत सापडली नव्हती, कारण मधले असंख्य तारे आणि धूळ तिला झाकून टाकतात. ती ताणली गेलेली आहे हे लगेच दिसले. पुढे २००३ मध्ये अवरक्त सर्वेक्षणाच्या आधारे तिच्यातून निसटलेल्या ताऱ्यांचा पट्टा संपूर्ण आकाशाला वळसा घालताना आढळला. गिळले जाण्याचे इतके स्पष्ट उदाहरण मिळाल्यावर चित्र पक्के झाले. २०१८ मध्ये गाया या उपग्रहाने केलेल्या मोजमापांतून आणखी एक पुरावा मिळाला. सुमारे १० अब्ज वर्षांपूर्वी एक बरीच मोठी दीर्घिका आकाशगंगेत विलीन झाली होती आणि तिचे तारे आजही त्यांच्या लांबट कक्षांवरून ओळखता येतात.

म्हणजे विलीनीकरण होते, यात शंका नाही. प्रश्न असा, की कोणाचे होते?

मोठे मासे बुडतात, लहान वाचतात

येथे सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांनी १९४३ मध्ये मांडलेला विचार उपयोगी पडतो. ताऱ्यांच्या गर्दीतून एखादा जड पिंड जाऊ लागला, की तो वाटेतल्या ताऱ्यांना आपल्याकडे ओढतो. ते तारे येईपर्यंत तो पुढे निघून गेलेला असतो. परिणामी त्याच्या मागे ताऱ्यांची दाटी होते आणि ती दाटी त्याला मागे खेचते. प्रत्यक्ष घासणी नसतानाही घर्षणासारखा परिणाम होतो, म्हणून याला गतिकीय घर्षण म्हणतात. पिंड जितका जड तितकी मागची दाटी मोठी; आणि त्यामुळे त्याचा वेग कमी होण्याचा दरही त्याच्या वस्तुमानाबरोबर वाढतो.

याचा अर्थ नीट पाहा. मत्स्यन्यायात सर्वांत लहान मासा आधी खाल्ला जातो. येथे नेमके उलटे आहे. सोबत्यांपैकी जो सर्वांत जड तो लवकर केंद्राकडे घसरतो. जो अगदी हलका त्याच्यावर या घर्षणाचा परिणाम नगण्य असतो आणि विश्वाच्या आजवरच्या आयुष्यात तो बहुधा आपल्या कक्षेतच राहतो. मोठ्या मॅगेलन मेघाचे वस्तुमान आकाशगंगेच्या एक दशांश किंवा त्याहून थोडे अधिक असावे, असे अलीकडच्या मोजमापांवरून दिसते. २०१९ मधील एका संगणकीय अभ्यासाचा अंदाज असा, की तो सुमारे अडीच अब्ज वर्षांत आकाशगंगेत मिसळेल. त्याहून लाखो पटींनी अंधूक असलेल्या बटू दीर्घिका मात्र त्यानंतरही आपापल्या कक्षांत फिरत असतील.

'उपग्रह' हा शब्दही येथे थोडा घोटाळा करतो. तो ऐकताच विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर चंद्र येतो : ठरलेली कक्षा, ठरलेला महिना. एक साधे गणित फळ्यावर करून पाहावे. केंद्रापासून ३ लाख प्रकाशवर्षांवरची दीर्घिका सेकंदाला २०० किलोमीटर वेगाने वर्तुळात फिरते असे समजू. वर्तुळाचा परीघ सुमारे १९ लाख प्रकाशवर्षे. प्रकाशाचा वेग तिच्या वेगाच्या १,५०० पट आहे. म्हणजे एका फेरीला जवळजवळ ३ अब्ज वर्षे लागतील. विश्वाचे वय सुमारे १३.८ अब्ज वर्षे. तेव्हा अशी दीर्घिका आजवर फार तर चार वेळा फिरली असेल. अनेक सोबती तर एक-दोनदाच आत येऊन गेले आहेत. शिवाय कक्षा वर्तुळाकार नसून बहुधा लांबट असतात. म्हणून 'केव्हा आत आली' आणि 'केंद्राच्या किती जवळून गेली' हे दोन प्रश्न विचारल्याखेरीज कोणत्याही सोबती दीर्घिकेबद्दल काही सांगता येत नाही. रूढ चित्रात हे दोन्ही प्रश्न नसतात.

तोडणे आणि उघडे पाडणे

यजमान दीर्घिकेचे गुरुत्वाकर्षण सोबत्याच्या जवळच्या बाजूला अधिक आणि दूरच्या बाजूला कमी असते. या फरकामुळे सोबती ताणला जातो. समुद्राला भरती आणणारे कारण हेच. सोबत्याच्या केंद्रापासून एका ठरावीक अंतरापलीकडे हा ताण त्याच्या स्वतःच्या आकर्षणावर मात करतो. ते अंतर ढोबळमानाने असे काढता येते : सोबत्याच्या वस्तुमानाला, कक्षेच्या आतील यजमानाच्या वस्तुमानाच्या तिपटीने भागावे, घनमूळ काढावे आणि दोघांमधील अंतराने गुणावे.

सोबत्याचे वस्तुमान १० कोटी सूर्यांइतके, अंतर ३ लाख प्रकाशवर्षे आणि आतील यजमानाचे वस्तुमान ७०० अब्ज सूर्यांइतके धरले, तर उत्तर सुमारे ११ हजार प्रकाशवर्षे येते. अशा बटू दीर्घिकेतील बहुतेक तारे मध्यापासून हजार-दोन हजार प्रकाशवर्षांच्या आतच असतात. म्हणजे ताऱ्यांना या अंतरावर काही धोका नाही. बाहेर पडतो तो त्यांच्याभोवती दूरवर पसरलेला कृष्ण पदार्थ. नारळाचे सोडण निघावे आणि आतले खोबरे शाबूत राहावे, तसे हे आहे. तारे निघू लागतात तेव्हा बहुतेक कृष्ण पदार्थ आधीच गेलेला असतो. धनू राशीतील दीर्घिकेची आज जी अवस्था दिसते, ती या क्रमातील अगदी शेवटची पायरी होय.

मग उरलेल्या सोबत्यांना यजमानाने काहीच केले नाही काय? केले, पण ते गिळणे नव्हे. मॅगेलनचे दोन मेघ वगळता आकाशगंगेच्या परिसरातील, म्हणजे साधारण ९ लाख प्रकाशवर्षांच्या आतील, जवळजवळ सर्व सोबत्यांमध्ये तारे घडवण्यासाठी लागणारा थंड वायू सापडत नाही. त्याच्या बाहेर एकट्या राहणाऱ्या बटू दीर्घिकांत मात्र तो भरपूर असतो. पुणे जिल्ह्यातील खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने आयेशा बेगम, जयराम चेंगलूर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा अंधूक, अनियमित आकाराच्या दीर्घिकांतील हायड्रोजनचे सर्वेक्षण केले आणि ते २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतील अनेक दीर्घिकांत वायूचा विस्तार ताऱ्यांच्या विस्ताराहून कितीतरी मोठा आहे.

हा फरक कसा पडतो? आकाशगंगेभोवती अतिशय तप्त आणि अतिशय विरळ वायू पसरलेला आहे. मोठ्या मॅगेलन मेघाच्या अंतरावर तो इतका विरळ आहे, की दहा लिटरच्या बादलीत त्याचा जेमतेम एखादा अणू मावेल. तरीही सोबती सेकंदाला दोनशे-तीनशे किलोमीटर वेगाने त्यातून जातो. समोरून येणारा दाब घनता आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराइतका असतो. सायकलवरून वेगात जाताना खांद्यावरचा पंचा मागे उडून जातो, सायकलस्वार मात्र जागेवर राहतो. त्याप्रमाणे सोबत्याचा वायू मागे राहतो आणि तारे पुढे जातात. अतिनवताऱ्यांच्या स्फोटांनी हा वायू आधीच सैल झालेला असेल तर काम आणखी सोपे होते. जेम्स गन आणि रिचर्ड गॉट यांनी १९७२ मध्ये दीर्घिकांच्या समूहांसाठी हा विचार मांडला. तोच येथे लहान प्रमाणावर लागू पडतो. अशा दीर्घिकेतील एकही तारा यजमानाने 'खाल्लेला' नसतो. परंतु पुढे तिच्यात नवे तारे जन्मत नाहीत. तिचा विकास थांबतो.

कर्ता कोण?

रूढ कथेत सर्व क्रिया यजमान करतो आणि सोबती फक्त सोसतो. मॅगेलनच्या मेघांनी ही समजूत मोडीत काढली आहे.

१९७४ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवून दिले, की या मेघांमागून हायड्रोजन वायूचा एक प्रचंड प्रवाह आकाशात पसरला आहे. मेघ आकाशगंगेभोवती अनेक फेऱ्या घालत आले आणि तिने दर फेरीत त्यांचा वायू ओढला, असे स्पष्टीकरण बराच काळ मानले गेले. २००६ मध्ये हबल दुर्बिणीच्या साहाय्याने मेघांच्या आडव्या गतीचे अचूक मापन झाले. ती अपेक्षेपेक्षा बरीच जास्त निघाली. एवढ्या वेगाने जाणारे मेघ बहुधा प्रथमच आकाशगंगेजवळ आले असावेत, असा निष्कर्ष पुढच्याच वर्षी काढण्यात आला. पहिलीच भेट असेल, तर 'अनेक फेऱ्यांत ओढला' हे म्हणणे टिकत नाही. आता त्या प्रवाहाचे मोठे श्रेय दोन मेघांच्या आपसांतील ओढाताणीला दिले जाते.

एवढ्यावर हे थांबत नाही. गायाच्या मोजमापांनंतर असे दिसून आले, की आकाशगंगेच्या म्हणून मोजल्या गेलेल्या काही अतिअंधूक दीर्घिका वास्तविक मोठ्या मेघाबरोबर आल्या आहेत. पाहुण्याने आपले बिऱ्हाडही सोबत आणले आहे! आणि २०२१ मधील एका अभ्यासाप्रमाणे मोठ्या मेघाच्या ओढीने आकाशगंगेची तबकडीच बाहेरच्या ताऱ्यांच्या तुलनेत सेकंदाला काही दशक किलोमीटर वेगाने सरकत आहे. मासा आणि त्याचे भक्ष्य या रूपकात अशा परस्पर परिणामाला जागाच नाही.

'हरवलेल्या' कोणी हरवल्या?

आता दुसऱ्या, अधिक गंभीर मुद्द्याकडे वळू. १९९९ मध्ये अनातोली क्लिपिन आणि बेन मूर यांच्या गटांनी स्वतंत्रपणे एक विसंगती पुढे आणली. कृष्ण पदार्थाच्या सिद्धांतावर आधारलेल्या संगणकीय प्रतिरूपांत आकाशगंगेएवढ्या दीर्घिकेभोवती कृष्ण पदार्थाचे शेकडो लहान पिंड तयार होत होते. प्रत्यक्षात त्या वेळी माहीत असलेल्या सोबती दीर्घिका होत्या फक्त ११. हा 'हरवलेल्या दीर्घिकांचा प्रश्न' म्हणून गाजला. सिद्धांत कोसळला, असे काहींनी लिहिले. पुढे नव्या दीर्घिका सापडू लागल्यावर सिद्धांत वाचला, असे त्याच सुरात लिहिले गेले. दोन्ही विधाने घाईची आहेत.

पहिली गोष्ट मोजणीची. हार्लो शॅप्ली यांनी १९३८ मध्ये शिल्पकार तारकासमूहातील बटू दीर्घिका जाहीर केली, तेव्हापासून १९९० पर्यंत असे शोध प्रामुख्याने छायाचित्रपट्ट्या पाहून लागत. २००५ पासून स्लोन सर्वेक्षणाच्या नोंदी संगणकाने तपासून कितीतरी अंधूक दीर्घिका सापडल्या. २००७ मध्ये जाहीर झालेली 'सेग्यू १' ही दीर्घिका तर जेमतेम काही शे सूर्यांइतका प्रकाश देते. २०१५ मध्ये दक्षिण आकाशाच्या सर्वेक्षणातून आणखी भर पडली. आज ही संख्या साठाच्या आसपास आहे. काही पिंड दीर्घिका आहेत की साधे तारकागुच्छ, याबद्दल वाद असल्यामुळे नेमका आकडा सांगता येत नाही.

पण साठ म्हणजे शेकडो नव्हेत. येथे विद्यार्थ्यांना विचारावे : समजा, ३०० सूर्यांइतकी तेजस्वी दीर्घिका आपल्या दुर्बिणीला १ लाख प्रकाशवर्षांपर्यंतच दिसते. सोबत्यांचा परिसर ९ लाख प्रकाशवर्षे त्रिज्येचा आहे. तर किती भाग आपण पाहिला? अंतराचे गुणोत्तर ९, घनफळाचे ७२९. म्हणजे सातशे भागांपैकी जेमतेम एक! अर्थात सोबती मध्याजवळ अधिक दाट असतात, म्हणून सापडलेल्या संख्येला सरळ ७२९ ने गुणणे चूक ठरेल. शिवाय स्लोन सर्वेक्षणाने त्या वेळी आकाशाचा केवळ एक पंचमांश भाग पाहिला होता. या सर्व दुरुस्त्या काळजीपूर्वक केल्यावर एकूण संख्येचा अंदाज शंभरांच्या घरात जातो. 'न दिसलेल्या' आणि 'नसलेल्या' या दोन शब्दांतील अंतर एवढे मोठे आहे.

सबब की स्पष्टीकरण?

दुसरी गोष्ट मात्र मोजणीने सुटत नाही. प्रतिरूपांत मोजले जात होते कृष्ण पदार्थाचे पिंड. आकाशात मोजले जात होते ताऱ्यांचे समूह. प्रत्येक पिंडात तारे असतातच, हे गृहीत होते. ते गृहीत चुकीचे ठरवणारा विचार असा : विश्वाच्या पहिल्या अब्ज वर्षांत आद्य ताऱ्यांच्या अतिनील प्रारणाने सर्वत्र पसरलेला हायड्रोजन आयनीभूत होऊन तापला. तापलेला वायू लहान पिंडांच्या दुबळ्या गुरुत्वाकर्षणात मावत नाही. म्हणून अगदी लहान पिंड कायमचे अंधारे राहिले. त्यांहून किंचित मोठ्या पिंडांत जे तारे आधी घडले तेवढेच राहिले.

यावर चिकित्सक वाचक म्हणेल, ही सोयीस्कर सबब झाली. सिद्धांत शेकडो पिंड सांगतो, ते दिसत नाहीत, तर म्हणावे की ते अंधारे आहेत! हा आक्षेप रास्त आहे आणि शिक्षकांनी तो वर्गात जरूर उपस्थित होऊ द्यावा. त्याचे उत्तर अधिकारवाणीने देऊ नये. उत्तर असे शोधावे : या विचारातून मूळ अडचणीशी संबंध नसलेले दुसरे काही अनुमान निघते काय, जे चुकले असते तर विचार सोडावा लागला असता?

असे अनुमान निघते. विचार बरोबर असेल, तर सर्वांत अंधूक दीर्घिकांतील जवळजवळ सर्व तारे अतिप्राचीन असले पाहिजेत. २०१४ मध्ये हबल दुर्बिणीने अशा सहा दीर्घिकांतील ताऱ्यांचे वय काढले गेले. त्यांतील तीन चतुर्थांशाहून अधिक तारे विश्वाच्या पहिल्या सुमारे एक अब्ज वर्षांतच जन्मलेले निघाले. हे काम यजमानाने केले असते, तर प्रत्येक दीर्घिका ज्या वेळी आत आली त्या वेळी तिच्यातील तारकाजन्म थांबला असता. सर्वांचा एकाच सुमारास थांबला नसता. उलट, सुमारे १३ लाख प्रकाशवर्षांवरच्या, किंचित मोठ्या 'सिंह-टी' या दीर्घिकेत वायूही आहे आणि तरुण तारेही आहेत. म्हणजे उंबरठा कोठेतरी याच दरम्यान असावा.

आमच्या मते सबब आणि स्पष्टीकरण यांतील भेद येथे हाताने दाखवता येतो. सबब जेथे अडचण असते तेथेच उपयोगी पडते. स्पष्टीकरण दुसरीकडेही अडकू शकते.

शितावरून भात

तिसरा आक्षेप. वर सांगितलेले बहुतेक सर्व एकाच दीर्घिकेभोवती पाहिलेले आहे. शितावरून भाताची परीक्षा करता येते, कारण सगळा भात एकाच भांड्यात शिजलेला असतो. दीर्घिकांचे तसे नाही. सागा या सर्वेक्षणात आकाशगंगेसारख्या इतर दीर्घिकांचे सोबती मोजले जात आहेत. २०१७ मध्ये पहिल्या आठ यजमानांचा तपशील प्रसिद्ध झाला, तेव्हा सापडलेल्या २७ सोबत्यांपैकी २६ मध्ये तारे घडत होते! २०२४ मध्ये १०१ यजमानांची पाहणी पूर्ण झाली आणि एकूण ३७८ सोबती नोंदवले गेले. एका यजमानाभोवती एकही नाही, तर दुसऱ्याभोवती १३, इतका फरक आढळला. हे सर्वेक्षण केवळ तेजस्वी सोबत्यांपुरते आहे, हे लक्षात ठेवले पाहिजे. अतिअंधूक सोबती इतक्या दुरून दिसत नाहीत. तरीही एवढे निश्चित, की 'यजमानाजवळ आली की दीर्घिका विझते' हा नियम आपल्या घरी जितका कडक दिसतो तितका सर्वत्र नाही.

न सुटलेला वाद

शेवटी, सर्व काही उलगडले आहे, असाही समज होऊ नये. आकाशगंगेचे ठळक सोबती चहूकडे विखुरलेले नसून एका पातळ पट्टीत आहेत, हे १९७६ मध्ये डोनाल्ड लिंडेन-बेल यांनी दाखवले. २०१३ मध्ये देवयानी दीर्घिकेभोवतीही अशी पट्टी आढळली. तिच्यातील १५ पैकी १३ सोबती एकाच दिशेने फिरताना दिसतात. प्रतिरूपांत असे क्वचित घडते. काही संशोधकांना यात सिद्धांताचे अपयश दिसते. आकाशगंगेपुरते तरी ही रचना तात्पुरती आहे, सोबती आपापल्या गतीने लवकरच विखुरतील, असे इतरांनी गायाच्या मोजमापांवरून दाखवले आहे. पहिल्या गटाला ते मान्य नाही. वर दिलेली कसोटी येथेही लावून पाहता येईल : दोहोंपैकी कोणाच्या म्हणण्यातून वेगळे, तपासता येण्याजोगे अनुमान निघते?

चिली देशातील व्हेरा रुबिन वेधशाळेची पहिली छायाचित्रे जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या दहा वर्षांच्या सर्वेक्षणातून दक्षिण आकाशातील अंधूक सोबत्यांची गणती बरीच पुढे जाईल. आज नववीत असलेला विद्यार्थी पदवीधर होऊन बाहेर पडेल तोवर या लेखातील काही आकडे बदललेले असतील. म्हणून आकडे पाठ करून घेण्यापेक्षा चार प्रश्न विचारण्याची सवय लावावी : ही दीर्घिका किती जड? केव्हा आत आली? केंद्राच्या किती जवळून गेली? आणि येण्यापूर्वी तिचे काय झाले होते? 'गिळली' या एका क्रियापदात या चारांपैकी एकाचेही उत्तर नाही.